तोंडा-घशाच्या कॅन्सरची लाईट संपल्यानंतर : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात तंबाखू आणि तोंडाच्या कॅन्सरवर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आणि मेल आले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न ट्रीटमेंट संपल्यानंतरचे आहेत. म्हणजे गाठ गेली, स्कॅन क्लिअर आला, घरच्यांनी पेढे वाटले, आणि मग सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, कुणाला तर सात वर्षांनी काहीतरी नवीनच सुरू झालं आणि ते कुणाला विचारायचं तेच कळेना. म्हणून या वेळी फक्त तेच प्रश्न घेतलेत. नावं गाळली आहेत, पत्रं थोडी छोटी केली आहेत.

आधी एवढं लक्षात घ्या, लाईट (म्हणजे रेडिएशन) चालू असताना जे होतं, तोंड येणं, कातडी काळी पडणं, गिळताना आग होणं, ते बहुतेक दोन-तीन महिन्यांत ओसरतं. उशिराचे त्रास वेगळे असतात. तिथे बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आकसतात, स्नायू आणि कातडीखालचा भाग घट्ट होत जातो, आणि हे काम शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप चालू राहतं. म्हणूनच पेशंट म्हणतो "आता तर बरा होतो की मी".

माझ्या वडिलांना (वय ६२) टॉन्सिलचा कॅन्सर होता, ३५ लाईट झाल्या. आयएमआरटीने (नवीन पद्धतीची लाईट) साईड इफेक्ट होत नाहीत असं सांगितलं म्हणून कर्ज काढून तीच घेतली. आता आठ महिने झाले तरी तोंड कोरडंठाक, रात्री तीनदा उठून पाणी पितात, भाकरी घशाखाली उतरत नाही. आमची फसवणूक झाली का? (सातारा)

दादा, मशीन चुकीचं घेतलं नाहीत तुम्ही, पण "साईड इफेक्ट होत नाहीत" हे वाक्य चुकीचं होतं आणि ते मला अजूनही खूप ठिकाणी ऐकू येतं. कमी होतात, असं म्हणायला हवं होतं.

कानासमोर दोन्ही बाजूंना मोठ्या लाळग्रंथी असतात, पॅरोटिड म्हणतात त्यांना. जुन्या पद्धतीत दोन बाजूंनी सरळ बीम जायचा आणि त्या दोन्ही ग्रंथी पूर्ण भाजून निघायच्या. आयएमआरटीत डोसला आकार देता येतो, गाठीला ७० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप) द्यायचा आणि निदान एका पॅरोटिडचा सरासरी डोस २५-२६ ग्रेच्या आत ठेवायचा असा प्रयत्न असतो, कारण त्याखाली ग्रंथी पुन्हा काम करायला लागायची शक्यता चांगली असते. ब्रिटनमध्ये ९४ पेशंटवर याची नीट तुलना झाली, पारस्पोर्ट नावाची ट्रायल, २०११ साली छापून आली. एक वर्षानंतर त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्के लोकांना होता आणि आयएमआरटीत ३८ टक्के. आपल्याकडे टाटा मेमोरियलनेही ६० पेशंटवर अशीच तुलना करून २०१२ मध्ये छापली आणि त्यातही लाळेचा फायदा आयएमआरटीकडेच दिसला. म्हणजे फायदा खरा आहे, मोठा आहे, पण ३८ टक्के म्हणजे शून्य नव्हे ना, आणि ते ३८ टक्के लोक कोण तर बहुधा तुमच्या वडिलांसारखे, ज्यांची गाठ किंवा मानेतल्या गाठी ग्रंथीला खेटून होत्या. तिथे ग्रंथी वाचवायला गेलं तर कॅन्सरचा भाग डोसमधून सुटतो. शिवाय जबड्याखाली अजून दोन ग्रंथी असतात, रात्री आणि एरवी बसल्याबसल्या जी लाळ येते ती मुख्यतः त्यांची, आणि मानेला डोस द्यायचा असला की त्या वाचवणं अवघड जातं. रात्री तीनदा उठण्याचं कारण बहुधा हेच.

आता पुढचं. आठ महिने म्हणजे शेवट नाही, आयएमआरटीनंतर दीड-दोन वर्षांपर्यंत लाळ हळूहळू सुधारत जाते. तोवर पाण्याची बाटली कायम जवळ, पण घोट घोट. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ. बिनसाखरेचं च्युइंगगम चघळलं तर उरलेली ग्रंथी जागी होते. लिंबाची गोळी, चिंचेची गोळी, खडीसाखर चघळू देऊ नका, बरं वाटतं पण लाळ नसलेल्या तोंडात दात झपाट्याने किडतात. कृत्रिम लाळेचा स्प्रे किंवा जेल मेडिकलमध्ये मिळतं, झोपताना लावायला चांगलं. पायलोकार्पिन नावाची गोळी काहींना उपयोगी पडते, पण दमा किंवा काचबिंदू असेल तर चालत नाही, म्हणून स्वतःच्या मनाने आणू नका. आणि भाकरीचा हट्ट सोडा, म्हणजे कोरडी भाकरी. आमटीत, दुधात कुस्करून, ताकाबरोबर, मऊ भात, पेज, पातळ उपमा. मसाला तिखट लागतो म्हणून सगळंच अळणी करू नका, चव अजून परत येत असते, वर्षभर लागतं कधीकधी.

आईला (५४) गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि मग ३० लाईट झाल्या, दीड वर्ष झालं. तोंड आधीच कमी उघडायचं, आता तर एक बोट जेमतेम जातं. ती वीस वर्षं मिश्री लावायची आणि सुपारी खायची. परत ऑपरेशन करावं लागेल का? (नांदेड)

ताई, हा आपल्या भागातला प्रश्न आहे, परदेशातल्या पुस्तकांत याचं पूर्ण उत्तर मिळत नाही. सुपारीने गालाच्या आतली कातडी पांढरी आणि चामड्यासारखी घट्ट होते, सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, गुटखा, मावा, खर्रा खाणाऱ्यांत तर पंचविशीतली पोरं दोन बोटांवर आलेली दिसतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरी ही पोरं येतच आहेत. तर आईचं तोंड मुळात आवळलेलं, त्यावर ऑपरेशनचा व्रण, आणि त्यावर चावायच्या स्नायूंना रेडिएशन. त्या स्नायूंवर साधारण ४० ग्रेच्या वर जसजसा डोस जातो तसतसा जबडा धरायचा धोका वाढतो आणि गालाच्या कॅन्सरमध्ये ते स्नायू अगदी शेजारीच असतात, त्यामुळे कितीही मॉडर्न मशीन असलं तरी त्यांना पूर्ण वाचवता येत नाही.

नॉर्मल माणसाला स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालता येतात. वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी झालं की आम्ही ट्रिसमस म्हणतो. एक बोट म्हणजे फारच कमी, आणि मला पहिली काळजी वाटते ती वेगळीच, ती म्हणजे हे अचानक वाढलं का? गेल्या एक-दोन महिन्यांत झपाट्याने तोंड बंद होत आलं असेल, किंवा सोबत कान-कानशील दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि स्कॅन करून कॅन्सर परत आला नाही ना हे बघून घ्या. ते नक्की झालं की मग व्यायाम.

व्यायाम म्हणजे रोज, दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी पाचदा ताण द्यायचा आणि ३० सेकंद धरून ठेवायचं. त्यासाठी मशीन मिळतात पण महाग आहेत. आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत करून दाढांमध्ये सरकवायची, आज जेवढ्या बसल्या तेवढ्या लिहून ठेवायच्या आणि आठवड्याने एक वाढवायची, हे आमच्या ओपीडीत वर्षानुवर्षं चालत आलंय आणि चालतं. पुढचे दात हलत असतील तर त्यांच्यावर जोर नको. आधी गरम पाण्याच्या फडक्याने गाल शेकून घ्या, कातडी नाजूक असते म्हणून कोमटपेक्षा थोडंच गरम. दुखेल, पण ताण जाणवेल इतकंच, कळ येईल इतकं नको. दीड वर्षानंतर सुरू केलं तर तीन बोटांपर्यंत जाईल असं मी म्हणणार नाही, पण एकाची दीड-दोन बोटं झाली तरी ब्रश आत जातो, घास मोठा जातो, आणि डॉक्टरला आतलं दिसतं, हे फार मोठं आहे. ऑपरेशन शेवटचा पर्याय, रेडिएशन झालेल्या जागी जखम भरायला त्रास होतो आणि व्यायाम थांबवला की तोंड परत धरतं. हा व्यायाम खरं तर पहिल्या लाईटच्या दिवसापासून शिकवायला हवा. आणि सुपारी पूर्ण बंद, "सुगंधी आहे, तंबाखू नाही त्यात" असली सुपारीसुद्धा.

रेडिएशन होऊन चार वर्षं झाली. खालची दाढ किडली, गावातले डेंटिस्ट म्हणाले दोन मिनिटांत काढून टाकू. बायकोने तुमचा लेख वाचला होता म्हणून थांबलो. काढू का? (सांगली)

काढू नका, निदान अजून तरी नाही. वहिनींचे माझ्यातर्फे आभार माना.

खालच्या जबड्याच्या हाडाला मुळात रक्तपुरवठा कमी असतो, रेडिएशनने तो आणखी कमी होतो आणि तो कमीच राहतो, चार वर्षांनीही आणि चौदा वर्षांनीही. अशा हाडातून दात उपटला की खड्डा भरत नाही, हाड उघडं पडतं, जंतू शिरतात, आणि ते सडत जातं. तीन महिने होऊनही हाड उघडंच राहिलं आणि तिथे कॅन्सर नाही हे नक्की केलेलं असेल तर त्याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. ६० ग्रेपेक्षा जास्त डोस गेलेल्या भागात धोका जास्त. सगळ्यांना होत नाही, शंभरातल्या थोड्याच लोकांना होतं, पण ज्याला होतं त्याचे हाल मी बघितलेत. वास, पू, गालातून बाहेर भोक, कधी जबडा आपोआप मोडतो आणि मग पायाचं फिब्युला हाड काढून जबडा बनवावा लागतो.

म्हणून पहिली गोष्ट, जिथे लाईट घेतली तिथून ट्रीटमेंट समरी मागून घ्या. हा तुमचा हक्काचा कागद आहे. त्यात किती ग्रे, किती दिवसांत, कुठल्या भागाला हे असतं, आणि रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारलं तर तुमच्या त्याच दाढेच्या जागी किती डोस गेलाय हे कॉम्प्युटरवरच्या प्लॅनमध्ये बघून सांगता येतं. हा आधुनिक पद्धतीचा असा फायदा आहे जो फार कमी डेंटिस्ट वापरतात. त्या जागी डोस कमी असेल तर दात नेहमीची काळजी घेऊन काढता येतो. डोस जास्त असेल तर रूट कॅनॉल करून वरचा भाग कापून मूळ आतच ठेवता येतं का ते बघायचं. काढल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर तोंडाच्या सर्जनकडून, हाडाला कमीत कमी धक्का लावून, अँटिबायोटिकच्या आवरणाखाली, आणि जखम भरेपर्यंत पाठपुरावा ठेवून.

काही जण प्रेशरच्या चेंबरमधला ऑक्सिजन घ्यायला सांगतात, हायपरबॅरिक, त्याला बराच खर्च येतो. ब्रिटनच्या होपॉन ट्रायलमध्ये खालच्या जबड्यातले दात काढताना तो देऊन आणि न देऊन बघितलं आणि २०१९ मध्ये निकाल आला, फरक पडला नाही. त्यामुळे फक्त दात काढायचा म्हणून त्यासाठी शेत गहाण टाकू नका. पेंटॉक्सिफायलिन आणि व्हिटॅमिन ई या गोळ्या हाड खराब व्हायला लागलं तर वापरतात, स्वस्त आहेत, त्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोलता येईल.

ज्यांची लाईट अजून सुरू व्हायचीय त्यांच्यासाठी, आधी डेंटिस्ट मग मास्क (लाईट देताना डोकं-मान हलू नये म्हणून बनवतात तो). वाचणार नाहीत असे दात आधीच काढायचे आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यायचे. नंतर आयुष्यभर जास्त फ्लोराइडची पेस्ट, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, ५००० पीपीएमची. दर चार-सहा महिन्यांनी दात दाखवायचे. मिश्रीने दात घासणं बंद हे वेगळं सांगायला नको, पण सांगते, कारण "थोडीशी, फक्त दातांना" असं म्हणणारे अजून भेटतात.

मिस्टरांना स्वरयंत्राच्या कॅन्सरला लाईट दिली, दोन वर्षं झाली. आता सारखे झोपून असतात, चिडचिड नाही काही नाही, बोलतच नाहीत, वजन वाढलंय, उन्हाळ्यात स्वेटर घालतात. सगळे म्हणतात डिप्रेशन आहे. (जळगाव)

ताई, उद्याच टीएसएच करून घ्या. साधी रक्ताची टेस्ट आहे, तालुक्याला होते. थायरॉइड मानेत स्वरयंत्राला चिकटूनच असतं, मानेला लाईट दिली की त्यालाही डोस जातो, आणि अशा पेशंटपैकी निदान चार-पाचात एकाला पुढे थायरॉइड कमी पडतं. बहुतेकांना पहिल्या दोन-तीन वर्षांत, काहींना बरंच नंतर. नियम असा की दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच, त्रास असो नसो. कमी निघालं तर सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आणि बहुतेकदा काही आठवड्यांत माणूस परत माणसात येतो. डिप्रेशनही असू शकतं, ते खोटं नाही, आवाज गेलेला किंवा घोगरा झालेला माणूस गप्प गप्प होतोच, पण त्याची गोळी सुरू करायच्या आधी ही टेस्ट झालेली पाहिजे.

नातू दीड वर्षाचा आहे. सुनेला वाटतं लाईट घेतलेल्या माणसाने बाळाला जवळ घेऊ नये. (रत्नागिरी)

घ्या, पोटभर घ्या. बाहेरून मशीनने दिलेलं रेडिएशन मशीन बंद झालं की संपलं, अंगात काही उरत नाही.

लाईट संपून तीन महिने झाले, मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट जातो. (अकोला)

घाबरू नका, पण डॉक्टरांना सांगा. मणक्यातल्या नसांवरचं आवरण तात्पुरतं पातळ होतं त्याने असं होतं, लाईटनंतर काही महिन्यांनी दिसतं आणि बहुतेकदा आपोआप जातं. हातापायातली ताकद कमी झाली, चालताना तोल जायला लागला, लघवीवर कंट्रोल राहिला नाही तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमधून बाबा सहा वर्षांपूर्वी बरे झाले. गेल्या वर्षभरात पाणी पिताना ठसका लागतो, दोनदा न्यूमोनिया झाला. छातीचे डॉक्टर फक्त अँटिबायोटिक देतात. इतक्या वर्षांनी लाईटचा संबंध असेल का? (पुणे)

असेल, आणि बहुधा तोच आहे. या सगळ्या पत्रांमधलं मला सर्वात काळजीचं वाटलेलं पत्र हे.

गिळणं आपल्याला सोपं वाटतं पण घशातले स्नायू ठराविक क्रमाने आवळत जातात, श्वासनलिका वर उचलली जाऊन झाकली जाते, एका सेकंदाच्या आसपासचा खेळ. रेडिएशनने ते स्नायू ताठ होतात, आणि काहींमध्ये वर्षांनंतर जिभेची नसही कमजोर होते, जीभ एका बाजूने बारीक दिसायला लागते. मग घास आणि विशेषतः पाणी चुकीच्या नळीत जातं. ठसका लागतो तो तरी बरा म्हणायचा, कारण काही पेशंटच्या घशाची जाणीवच गेलेली असते, पाणी फुप्फुसात जातं आणि खोकलाही येत नाही. घरच्यांना फक्त वारंवार ताप आणि न्यूमोनिया दिसतो.

आधी ईएनटी डॉक्टरांकडून दुर्बिणीने घसा बघून घ्या, जुना आजार किंवा नवीन गाठ नाही ना. मग गिळण्याची टेस्ट, एकतर बेरियम गिळताना एक्सरेचा व्हिडिओ काढतात किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घास कुठे जातो ते बघतात. पुण्यात दोन्ही होतं. त्यानंतर स्पीच थेरपिस्ट. नावावरून लोकांना वाटतं हे फक्त बोलायला शिकवतात, पण गिळायचे व्यायाम तेच शिकवतात, हनुवटी छातीकडे घेऊन गिळायचं की मान एका बाजूला वळवून, पाणी घट्ट करून द्यायचं की नाही, हे टेस्ट बघून ठरतं, प्रत्येकाचं वेगळं. तोवर बाबांना सरळ बसवूनच खायला द्या, जेवताना टीव्ही-गप्पा नकोत, आणि तोंड स्वच्छ ठेवा, फुप्फुसात जाणाऱ्या लाळेत जंतू जितके कमी तितका न्यूमोनिया कमी. वजन उतरत असेल किंवा न्यूमोनिया थांबत नसेल तर पोटातून नळी घालायला सांगतील, त्याला घाबरून नाही म्हणू नका, नळी असली तरी चवीपुरतं तोंडाने देता येतं का ते थेरपिस्ट सांगतो.

नवीन पेशंटसाठी यात चांगली बातमी आहे. लाळग्रंथीसारखेच हे गिळायचे स्नायूही जमेल तिथे डोसमधून वाचवायचे अशी डार्स नावाची ट्रायल ब्रिटन-आयर्लंडमध्ये ११२ पेशंटवर झाली, २०२३ मध्ये छापली, आणि वर्षानंतर त्या पेशंटनी स्वतः सांगितलेलं गिळणं जास्त चांगलं होतं. म्हणजे बिलावर आयएमआरटी लिहिलंय की व्हीएमएटी (आयएमआरटीचाच एक प्रकार) एवढंच विचारून थांबू नका. प्लॅन करताना डॉक्टरांनी काय काय वाचवायचं म्हणून आखलंय, लाळग्रंथी, गिळायचे स्नायू, जबडा, हे विचारा. दहा मिनिटं लागतात समजावून सांगायला आणि ती मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

खारघरला टाटाच्या सेंटरमध्ये प्रोटॉन आहे असं ऐकलं. माझी लाईट २०१९ ला झाली, आता प्रोटॉन घेऊन आधीचे त्रास कमी होतील का? (नवी मुंबई)

नाही. प्रोटॉनचा बीम ठराविक खोलीवर थांबतो म्हणून पलीकडच्या भागाला डोस कमी जातो, ठराविक पेशंटना त्याचा फायदा होतो, पण ती ट्रीटमेंट गाठीसाठी आहे. झालेला कोरडेपणा किंवा घट्टपणा त्याने परत फिरत नाही. तुमच्या पत्रात मानेचा घट्टपणा आणि हनुवटीखाली सकाळी येणारी सूज लिहिलीय, त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे लिम्फचा मसाज शिकून घ्या, डोक्याखाली उंच उशी घ्या आणि मान-खांद्याचे व्यायाम रोज करा.

पाच वर्षं पूर्ण झाली, डॉक्टर म्हणाले तुम्ही बरे झालात. आता चेकअप बंद केलं तर चालेल ना? दर वेळी मुंबईला जायला परवडत नाही. (बुलढाणा)

पाच वर्षांचं अभिनंदन, मनापासून. कॅन्सर परत यायची भीती आता खूप कमी झालीय, पण वर जे वाचलंत त्यातलं बरंचसं पाच वर्षांनंतरही येतं. शिवाय मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या लाईटने कालांतराने अरुंद होऊ शकतात आणि लकव्याचा धोका वाढतो, म्हणून बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा कडक सांभाळायचं. बोलताना जीभ अचानक अडखळली, हात लुळा पडला, एका डोळ्यापुढे अंधारी आली आणि पाच मिनिटांत गेली तरी तसंच घरी बसायचं नाही. सिसप्लाटिनची केमो सोबत झाली असेल तर ऐकण्याची टेस्ट करून घ्या, बारीक उंच आवाज आधी जातात आणि घरच्यांना वाटतं हे लक्ष देत नाहीत. आणि ज्या तोंडाला तंबाखूने एक कॅन्सर दिला तिथे दुसरा, नवीन कॅन्सरही होऊ शकतो, बिडी-तंबाखू चालू असेल तर धोका कितीतरी जास्त.

यातलं काहीच मुंबईला जाऊन करायची गरज नाही. वर्षातून एकदा जवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणी ईएनटी डॉक्टरांना तोंड-घसा-मान दाखवा, दोनदा डेंटिस्ट, वर्षातून एकदा टीएसएच. ट्रीटमेंट समरीच्या दोन-तीन झेरॉक्स काढा, एकाचा फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि दाताचा, घशाचा, कसलाही डॉक्टर असो, खुर्चीत बसायच्या आधी तो कागद त्याच्या हातात द्या. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातला फोड, मानेत नवीन गाठ, किंवा बोटांच्या मापाने तोंड कमी उघडायला लागलं, यातलं काही दिसलं तरच मुंबईची गाडी पकडा, आणि त्या वेळी पुढच्या तारखेची वाट बघू नका.